एक कढई, नऊ खण

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत दुबईला गेलो होतो. माझा मामेभाऊ देरा भागात राहतो. कोकणातली कितीतरी घरं आखातातल्या पगारावर उभी आहेत, त्यांतलंच एक त्याचं. एका रात्री इशाच्या नमाजनंतर तो म्हणाला, "भाईजान, रोज रोज बिर्याणी काय खायची? आज तुम्हाला चिनी दस्तरख्वान दाखवतो."

मी जरा बिचकलो. "अरे, चिनी म्हणजे... हलालचं काय?"

तो हसला. "चला तर खरं. आधी पाटी वाचा, मग विचारा."

हिरव्या पाटीवर अरबीत 'हलाल' लिहिलेलं होतं आणि शेजारी दोन चिनी अक्षरं. गल्ल्यावर पांढरी टोपी घातलेला एक तरुण होता. त्याने सलाम केला आणि आमच्या हातात एक मोठा वाडगा व चिमटा दिला. भिंतीलगत फळ्यांवर टोपल्या मांडलेल्या होत्या. पालक, कोबी, कमळकाकडी, बटाट्याचे काप, चार-पाच जातींची अळंबी, टोफू, अंडी, शेवयांचे नाना प्रकार, मटणाचे कागदासारखे पातळ काप आणि चक्क वजडी. जे हवं ते वाडग्यात भरायचं, काट्यावर ठेवायचं, वजनाप्रमाणे पैसे द्यायचे आणि किती तिखट हवं ते सांगायचं. मग आतला माणूस ते सगळं उकळत्या रश्श्यात शिजवून आणून देतो. या पदार्थाचं नाव मालातांग. मूळ गाव चीनचा सिचुआन प्रांत.

पहिल्या घोटाला तिखट लागलं, ते अपेक्षितच होतं. पण अर्ध्या मिनिटात ओठ झिणझिणायला लागले. जिभेच्या शेंड्यावर मुंग्या आल्या. मामेभाऊ माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता. पण मला त्या चवीचं नवल वाटलं नाही, ती ओळखीची वाटली. अम्मी बांगड्याच्या कालवणात जे घालायची तेच हे! "तिरफळ चावू नको, बाजूला काढून ठेव," असं नानी प्रत्येक वेळी बजावायची आणि मी प्रत्येक वेळी चावायचो.

त्या रात्री मी घरी आलो तो एक प्रश्न घेऊनच. चीनच्या मधोमध असलेल्या प्रांताची चव माझ्या नानीच्या चुलीवर कशी?

शेझवान आणि सिचुआन

आपल्याकडे 'शेझवान' हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शेझवान डोसा, शेझवान वडापाव, शेझवान पापड. हा शब्द म्हणजे सिचुआनच. पण आपल्या गाडीवरच्या शेझवान चटणीत मिरची आणि लसूण भरपूर असतो, आणि सिचुआनची जी खरी खूण, ती मात्र नसते. ती खूण म्हणजे ह्वाच्याओ, म्हणजेच तिथलं तिरफळ.

'मालातांग' या नावातच सगळं आलं आहे. 'मा' म्हणजे बधिर करणारं, 'ला' म्हणजे तिखट आणि 'तांग' म्हणजे पोळेल इतकं गरम. तिखट चव मिरचीची, बधिरपणा ह्वाच्याओचा. आपलं कोकण-गोव्यातलं तिरफळ आणि सिचुआनमधलं ह्वाच्याओ ही एकाच वनस्पतिकुलाची, इतकंच नव्हे तर एकाच प्रजातीगणाची, म्हणजे झँथोझायलमची भावंडं. लिंबू आणि कढीपत्ता हे त्यांचे लांबचे नातेवाईक. दोन्हीकडे आतली काळी बी फेकून देतात आणि वरची साल वापरतात. २०१३ साली लंडनमधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा ह्वाच्याओने ओठांवर होणारी झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी असल्याचं त्यांना आढळलं. म्हणजे ही नुसती चव नाही, तो स्पर्शाचाही भास आहे. जिभेला वाटतं, कोणीतरी आपल्याला हलवतंय.

आणि मिरची? ती ना त्यांची, ना आपली. ती अमेरिका खंडातली. चीनमध्ये मिरचीचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १५९१ सालचा. काव लिएन नावाच्या लेखकाने आपल्या ग्रंथात तिला 'परदेशी मिरी' म्हटलं आणि ती दिसायला सुंदर असल्याची नोंद केली. म्हणजे तेव्हा ती शोभेचं झाड होती. जवळपास त्याच दशकात आपल्याकडे अबुल फजल 'आईन-ए-अकबरी' लिहीत होता. त्यात बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांचं साहित्य मापासकट दिलं आहे. काळी मिरी आहे, आलं आहे, लवंग आहे. लाल मिरची नाही. ती तोवर पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली होती, पण आग्र्याच्या पातेल्यापर्यंत पोहोचली नव्हती. मुंबईकडे तिला बराच काळ 'गोवाई मिरची' म्हणत, ते उगाच नाही.

विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते चक्रावतात. ज्या दोन समाजांना आज मिरचीशिवाय घास गिळत नाही, ते दोघेही साडेचारशे वर्षांपूर्वी तिला ओळखत नव्हते. सिचुआनच्या माणसाला झणझणीत चवीची आवड मात्र फार जुनी. चौथ्या शतकातल्या छांग छू या इतिहासकारानेही त्याची नोंद केली आहे. पण ती तहान तेव्हा आलं आणि ह्वाच्याओ भागवत असत. सतराव्या शतकात मिंग राजवट कोसळताना सिचुआनमध्ये भयंकर कत्तली झाल्या, प्रांत ओस पडला. मग पुढची शंभरेक वर्षं बाहेरच्या प्रांतांतून माणसं आणून तिथे वसवली गेली. याच काळानंतर तिथल्या शेतात आणि स्वयंपाकात मिरची दिसू लागते. म्हणजे ज्याला आज 'अस्सल सिचुआनी चव' म्हणतात, ती स्थलांतरितांनी परदेशी फळापासून घडवली. अस्सलपणाचा दावा करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा आठवून पाहावं.

नदीकाठची कढई

मालातांगचा जन्म मिन नदीकाठी, लेशानजवळच्या न्यूह्वा गावात झाला असं मानतात. त्या काळी प्रवाहाविरुद्ध नावा नेण्यासाठी काठावरून माणसं दोर खांद्याला लावून ओढत. उघडं अंग, ओला पाय, धुक्याने भरलेली हवा. हे लोक काठावर तीन दगड मांडून, नदीचं पाणी उकळून, मिळेल तो पाला आणि मांसाचे तुकडे त्यात टाकत. मिरची आणि ह्वाच्याओ घातलं की अंगात ऊब येई आणि हलक्या मालाचा वास झाकला जाई.

याचंच मोठं रूप चोंगचिंग शहरात दिसतं, जिथे चियालिंग नदी यांगत्सेला मिळते. सिचुआनचे नामवंत कादंबरीकार ली च्येरन यांनी १९४०च्या दशकात तिथल्या कढईबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यांच्या वर्णनाचा सारांश असा. फेरीवाले पाणम्हशींचं आतडं-कोथळा स्वस्तात घेत, धुऊन, थोडं शिजवून तुकडे करत. खांद्यावरच्या कावडीत मातीची शेगडी आणि तिच्यावर खण पाडलेलं पत्र्याचं भांडं. त्यात तिखट, बधिर, खारट रस्सा उकळत असे. नदीकाठचे हमाल भोवती उभे राहत. ज्याने त्याने आपला खण धरायचा, त्यात तुकडे बुडवून खायचे आणि जितके तुकडे तितके पैसे मोजायचे. १९३४च्या सुमारास शहरातल्या एका खाणावळीने हीच कढई टेबलावर आणली आणि हमालांचं खाणं बाबू लोकांचं झालं.

दुबईत माझ्या हातातल्या वाडग्याचं वजन झालं, त्याचं मूळ इथे आहे. जेवढं घेशील तेवढंच दे. ज्याच्या खिशात दोनच नाणी, त्यालाही कढईपाशी जागा.

१९३७ नंतर जपानी आक्रमणामुळे चोंगचिंग चीनची युद्धकालीन राजधानी बनली. देशभरातले निर्वासित तिथे आले आणि ही चव त्यांच्या जिभेवर बसली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर ज्या भारतीय वैद्यकीय पथकात होते, ते पथकही यान-आनला जाण्याआधी काही काळ याच शहरात होतं. महाराष्ट्राला चोंगचिंग तितकं परकं नाही.

जनावर कोणी कापलं?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हमालांच्या कढईत पडणारी ही वजडी यायची कुठून?

चीनमध्ये शेतीच्या जनावराला मारण्याबद्दल पूर्वी मोठा संकोच होता. छिंग काळातल्या कायद्यात नांगराचा बैल कापण्याला शिक्षा होती. बौद्ध आणि ताओ परंपरांमधली अनेक माणसं गोमांस पाप समजून टाळत. हे वाचताना मी दोनदा थांबलो. आपल्याला वाटतं हा वाद फक्त आपलाच आहे. तर, जनावर म्हातारं झालं, कामातून गेलं, की त्याचं काय करायचं हा प्रश्न तिथेही होता. आणि हे काम तिथेही मोठ्या प्रमाणावर मुसलमान कसायांकडे आलं होतं. चोंगचिंगच्या कढईची कथा सांगणारे सांगतात, की तिथल्या हुई मुसलमानांच्या कत्तलखान्यात मांस विकलं जाई आणि कोथळा, काळीज, रक्त कवडीमोलाने जाई. तेच हमालांनी उचललं.

चेंगदूमध्येही हेच. शहराच्या मध्यावर 'हुआंगछेंग' मशिदीभोवती हुई मुसलमानांची जुनी वस्ती होती. तिथल्या कसायांकडचे टाकाऊ तुकडे घेऊन फेरीवाले मसाल्यात घोळवून थंड विकत. १९३०च्या दशकात एका नवरा-बायकोच्या हाताला अशी चव होती, की तो पदार्थ त्या जोडप्याच्याच नावाने चीनभर ओळखला जाऊ लागला. त्झकोंगच्या मिठाच्या खाणींची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तिथे १८३५ साली एक विहीर १००१ मीटर खोल गेली होती, तीही बांबू, दोर आणि लोखंडी छिन्नीच्या जोरावर. खारं पाणी वर ओढायला शेकडो रेडे जुंपलेले असत. थकलेले रेडे मजुरांच्या पातेल्यात जात, आणि मिरची-ह्वाच्याओमध्ये उकळलेलं 'पाण्यातलं गोमांस' हा सिचुआनचा प्रसिद्ध पदार्थ तिथूनच आला असं मानतात.

आपल्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत उभं राहून बघा. वजडी, भेजा, खूर, पायाचा रस्सा. कापणारा कुरेशी, विकत घेणारा कष्टकरी. त्यात मुसलमान असतो, दलित असतो, हमाल असतो, रिक्षावाला असतो. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक आलं तेव्हा मराठी वाचकाला पहिल्यांदा जाणवलं, की आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत अर्ध्या महाराष्ट्राचं जेवण नाहीच. सिचुआनमध्ये एक गोष्ट वेगळी घडली. जे टाकाऊ होतं, ते त्या प्रांताचं भूषण झालं. खाणाऱ्याला लाज वाटेनाशी झाली. आपल्याकडे ती लाज अजून आहे. माझ्याच शाळेतला एखादा मुलगा डब्यात काय आणलंय हे सांगताना आजूबाजूला बघतो, तेव्हा ती मला दिसते.

लांगचोंगचे ख्वाजा

चीनमधला इस्लाम आजचा नाही. तांग राजवटीच्या इतिहासात ६५१ साली अरबांकडून दूत आल्याची नोंद आहे. तो हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीचा काळ. मंगोलांच्या काळात बुखाऱ्याच्या सय्यद अजल शम्सुद्दीन उमर यांनी सिचुआनच्या दक्षिणेला लागून असलेल्या युन्नानचा कारभार १२७४ पासून १२७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत पाहिला. कालवे काढले, मशिदी बांधल्या आणि कन्फ्यूशियसची मंदिरंही बांधली.

सिचुआनच्या उत्तरेला चियालिंग नदीकाठी लांगचोंग नावाचं जुनं गाव आहे. तिथे ख्वाजा अब्दुल्लाह या कादरी सूफी बुजुर्गांची मजार आहे. ते १६७४ च्या सुमारास चीनमध्ये आले आणि १६८९ मध्ये लांगचोंगला त्यांचा इंतकाल झाला. त्यांचे शिष्य छी चिंगयी, म्हणजे हिलालुद्दीन, गान्सू प्रांतातल्या लिनश्याचे. त्यांच्या मजारीभोवती चीनमधल्या कादरी सिलसिल्याचं मोठं केंद्र उभं राहिलं. लांगचोंगचं सुकवलेलं गोमांसही चीनमध्ये नावाजलेलं आहे आणि त्या धंद्यात हुई मुसलमान पिढ्यान् पिढ्या आहेत.

चियालिंग नदीचा नकाशा पाहावा. तिची एक उपनदी गान्सूतल्या तिआनश्वेईच्या डोंगरात उगवते. मग लांगचोंग, आणि शेवटी चोंगचिंग. या नदीच्या खोऱ्यातून सूफी आले, कसाई आले, मीठ आलं, मिरची आली. २०२४ च्या वसंतात तिआनश्वेईचं मालातांग मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे इतकं गाजलं, की लांबलांबून लोक रांगा लावायला जाऊ लागले. तिथली खासियत म्हणजे जवळच्या गांगू भागातली सुगंधी लाल मिरची आणि बटाट्याच्या पिठाच्या रुंद शेवया. या तिआनश्वेईच्या हद्दीतच चांगच्याछुआन नावाचा हुई स्वायत्त तालुका आहे. दुबईतला आमचा टोपीवाला तरुणही गान्सूचाच निघाला.

हा इतिहास सगळा गोड नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युन्नानमध्ये आणि शेन्शी-गान्सूमध्ये हुई मुसलमानांचे उठाव झाले, ते चिरडताना गावंच्या गावं नष्ट झाली. एकाच नदीचं पाणी पिणारे एकमेकांचे गळे कापतात, हे तिथेही घडलं. दस्तरख्वानाचा इतिहास सांगताना हे लपवलं, तर ती इतिहासाशी बेइमानी होईल.

खण वेगळे, रस्सा एक

चोंगचिंगच्या जुन्या पद्धतीच्या कढईत आजही नऊ खणांची जाळी ठेवतात. वरून पाहिलं तर प्रत्येकाचा खण वेगळा. पण जाळीला तळ नसतो. खाली रस्सा एकच फिरत असतो.

इथे मुसलमानाची अडचण सुरू होते. शेजारच्या खणात डुकराचं मांस पडलं, तर माझा खण पाक राहत नाही. म्हणून हुई मुसलमानांनी आपली कढई वेगळी मांडली. तिच्यावर दोन अक्षरं लिहिली, 'छिंगचेन', म्हणजे शुद्ध आणि सत्य. हलालला त्यांनी दिलेला हा चिनी शब्द आहे. अरबी शब्द चिनी लिपीत ओढून-ताणून न बसवता त्यांनी शेजाऱ्याला कळेल अशा भाषेत आपला रिवाज सांगितला. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आपल्याकडे काही लोक म्हणतात, तुमचं खाणं वेगळं म्हणजे तुम्हीच वेगळे. या समजाला सिचुआनचा इतिहास उत्तर देतो. कसायाची कढई वेगळी होती, पण त्याने कापलेल्या जनावरावर अख्ख्या शहराचे हमाल जगले. त्याचा धर्म वेगळा होता, पण त्याच्या हातून आलेली चव प्रांताची झाली. वेगळी कढई म्हणजे वेगळा देश नव्हे. आणि आमच्या बाजूच्याही काहींना सांगितलं पाहिजे, की हलाल ही माझ्या ताटाची शिस्त आहे, शेजाऱ्याच्या ताटावर नाक मुरडण्याचा परवाना नाही.

दोन पाट्यांची गोष्ट सांगून थांबतो. २०१९ साली बीजिंगमधल्या हलाल दुकानांना अधिकाऱ्यांनी पाटीवरची अरबी अक्षरं आणि इस्लामी चिन्हं काढायला सांगितली. २०२४ च्या जुलैमध्ये आपल्या देशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकाचं नाव पाटीवर लावायला सांगण्यात आलं आणि २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तिथे म्हणाले, ओळख पुसा. इथे म्हणाले, ओळख दाखवा. हुकूम उलटे दिसतात, पण दोन्हींचा रोख एकाच माणसाकडे आहे. पाटीवर काय लिहायचं हे भटारखान्यात घाम गाळणाऱ्याने ठरवायचं, की दुसऱ्या कोणी?

निघताना मी त्या तरुणाला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की तुमचं ह्वाच्याओ आमच्या गावच्या जंगलातही होतं आणि माझी आई ते माशात घालते. त्याला आधी पटेना. मामेभावाने मोबाइलवर तिरफळाचा फोटो काढून दाखवला. त्याने तो मोठा करून नीट पाहिला, आत जाऊन मूठभर लालसर दाणे आणले आणि कागदात बांधून माझ्या हातात ठेवले. पैसे घेतले नाहीत.

ते दाणे मी गावी आणले. अम्मीने हुंगले, एक दाढेखाली धरला. "हे आपल्यापेक्षा जरा झोंबरं आहे," ती म्हणाली आणि डबा उघडून आमच्या तिरफळातच ओतून मोकळी झाली. आता त्या डब्यात कोणतं कुठलं, ते मला ओळखता येत नाही.